चंद्र लांब जाईस्तोवर

मी आठवीच्या मुलांना विज्ञान शिकवते आणि राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. या दोन गोष्टी आधीच सांगून टाकते, म्हणजे पंच्याण्णव सालच्या दिवाळीत मी सासूबाईंशी का भांडले ते वेगळं समजावायला नको. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण होतं. मला सातवा महिना चालू होता. ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंत मी माडीवरच्या खोलीत, अंधारात, हातपाय न मुडपता पडून राहावं असं सासूबाईंचं म्हणणं होतं.

सासूबाई म्हणजे राजाबाई. माण तालुक्यातल्या. सासरे शहाजी कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. आयुष्यभर पाठीवर गोणी वाहून त्यांनी कोपरखैरण्याला, बोनकोडे गावाला लागून, वसाहतीतलं हे घर मिळवलं आणि त्यावर माडी चढवली. ते गेले त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. त्यांचा मुलगा उदयसिंह त्याच मार्केटात तोलाईचं काम करतो. मी वाशीची, सोसायटीत वाढलेली, पुस्तकात डोकं घालून बसणारी. आमचं लग्न कसं जमलं हे अजून माझ्या माहेरच्यांनाही नीटसं कळलेलं नाही.

भांडणाला आणखी एक कारण होतं, ते माझ्या बाबांचं. माझे बाबा दिनानाथ, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, पण जीव सगळा आकाशात. राजस्थानात त्या दिवशी खग्रास दिसणार होतं, पूर्ण सूर्य झाकला जाणार होता. आमच्या नवी मुंबईत खंडग्रास, म्हणजे सूर्याला पडलेला नुसता मोठा घास. बाबा आणि त्यांच्या खगोल मंडळातले लोक गाडीने निघाले होते. माझंही नाव त्यात होतं, दोन वर्षांपासून. दिवस राहिले आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला. आधीचं एक तिसऱ्या महिन्यात गेलं होतं, त्यामुळे हट्ट करायला तोंड नव्हतं. म्हणजे खग्रास तर गेलंच, आणि आता इथला घासही बघायचा नाही, वर खोलीत कोंडून घ्यायचं. माझं डोकं फिरलं.

"आई, ग्रहण म्हणजे सावली असते," मी म्हटलं. "सावलीने काय होतं? झाडाखाली बसल्यावर होतं का काही?"

सासूबाई फराळाच्या डब्यांवर तुळशीची पानं ठेवत होत्या. वेध लागायच्या आत घरातलं सगळं अन्न त्यांना राखायचं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"म्या वांगी चिरली हुती," त्या म्हणाल्या.

त्या कशाबद्दल बोलतायत ते मला माहीत होतं, फक्त त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. उदयची मोठी बहीण पुतळा जन्मली तीच वरचा ओठ दुभंगलेला घेऊन. सात वर्षांची झाल्यावर तिला मिरजेला नेऊन ओठ शिवून आणला. आता ती गावी अंगणवाडी चालवते, दोन मुलं आहेत, नवरा बरा आहे. बोलते थोडी नाकात, आणि ओठावर एक व्रण आहे. एवढंच. पण घरात त्या विषयावर कुणी शब्द काढत नसे.

"ढगाळ हुतं," सासूबाई पुढे म्हणाल्या. "मला वाटलं सुटलं गिराण. शेतात गड्यांना भाकरी न्यायची हुती, उशीर झालता. इळी घेतली आन् बसले चिराय. निम्मी वांगी झाली तवा शेजारीन वराडली, अगं सुटलं न्हाई अजून." त्यांनी शेवटच्या डब्यावर पान ठेवलं. "माज्या लेकीचं तोंड त्या इळीवर कापलं. तू कायबी शिकव शाळंत, माझी ना न्हाई. पन तुज्या पोटातलं ह्या घरातलं हाय. तेवढं एक सकाळचं माज्यासाठी पडून ऱ्हा."

मी हो म्हटलं. त्यांच्या मनासाठी करतेय, असं मी उदयला सांगितलं आणि तो हसला. पण खरं सांगायचं तर ते अर्धंच खरं होतं. मुलांना फळ्यावर गोल काढून ग्रहण शिकवणारी मी, पण मलाही भीती वाटत होती. एकदा पोट रिकामं झालेल्या बाईला कशाकशाची भीती वाटते ते तिलाच माहीत. कुणी सांगितलं असतं की उद्या सकाळी एका पायावर उभी राहा, तर राहिले असते.

सकाळी अंघोळ उरकून मी माडीवर गेले. खोलीला पूर्वेची एकच खिडकी. सासूबाईंनी आधी वर्तमानपत्रं लावून बघितली, पण कागदातून उजेड येत होता, तो काही त्यांना पटला नाही. मग त्यांनी माळ्यावरून टीव्हीचं खोकं काढलं. दिवाळीच्या आधीच नवा टीव्ही घेतला होता. खोकं उसवून, त्याचा जाड पुठ्ठा खिडकीला चपखल बसवून, कडांना जुन्या साड्यांच्या चिंध्या कोंबून त्यांनी खिडकी बुजवली. दाराखाली गोधडी सरकवली. खोली अशी काळीकुट्ट झाली की मला माझाच हात दिसेना. बाहेर उरलेले फटाके फुटत होते, ते तेवढे ऐकू येत होते.

मी पलंगावर उताणी, त्या उशाशी खाली बसलेल्या. माळ ओढत होत्या. मी मनातल्या मनात बाबांना शिव्या घालत होते, की मजा आहे बुवा तुमची.

थोड्या वेळाने डोळे अंधाराला सरावले, आणि मला माझ्या पोटावर काहीतरी दिसलं. हिरव्या साडीवर उजेडाचा एक गोल. रुपयाएवढा. मी मान उचलून बघितलं. चादरीवर अजून दोन होते, तसेच. आणि तिन्हींना एकाच बाजूने, सारखाच, घास पडलेला होता.

क्षणभर मला उमजेना. मग उमजलं आणि मला हसू आवरेना. टीव्हीच्या खोक्याला कारखान्यात तारेच्या पिना मारतात, त्यातल्या काही उसवताना निघाल्या होत्या आणि त्यांची बारीक भोकं राहिली होती. बाहेर लख्ख सूर्य, आत मिट्ट काळोख, मध्ये टाचणीएवढं भोक. मी दर वर्षी मुलांना बुटाच्या खोक्यातून हाच प्रयोग करून दाखवते. नुसतं वर्तमानपत्र राहिलं असतं तर काही दिसलं नसतं. सासूबाईंनी ग्रहण बाहेर ठेवायला एवढी मेहनत घेतली, म्हणूनच ते सरळ आत येऊन माझ्या पोटावर बसलं होतं.

मी हसले म्हणून त्यांनी वर बघितलं आणि त्यांनाही ते दिसलं. माळ खाली पडली. "आगं बया," एवढंच म्हणून त्यांनी झपकन आपला हात माझ्या पोटावर झाकणासारखा धरला. आता तो कोरलेला सूर्य त्यांच्या हाताच्या पाठीवर पडला. माझं हसू तिथेच विझलं.

"आई," मी म्हटलं, "हात काढू नका. पण उलटा करा जरा. तळव्यावर घ्या."

का कोण जाणे, त्यांनी ऐकलं. तळहात वर केला. मेहनतीने जाड झालेल्या त्या तळव्यावर ग्रहण लागलेला सूर्य येऊन बसला, कडा स्पष्ट, जरा जरा हलणारा.

"भाजतंय?"

"न्हाई."

"टोचतंय?"

"न्हाई गं. कायच न्हाई लागत." त्यांनी हात थोडा मागे-पुढे केला. "ह्यो आपला सूर्व्या हाय?"

"तोच. आणि ही काळी बाजू म्हणजे चंद्र. मध्ये आलाय."

त्या बराच वेळ बघत राहिल्या. भीती एकदम गेली असं मी म्हणणार नाही, पण बघायचं कुतूहल भीतीपेक्षा वरचढ झालं होतं, आणि असं कुतूहल मला वर्गात दहा वर्षांत दोन-तीनदाच बघायला मिळालंय. मग माझ्यातली बाई जागी झाली, शाळेतली. मी त्यांना सांगायला लागले. सूर्य चंद्रापेक्षा चारशे पट मोठा, पण तो आपल्यापासून चारशे पट लांबही, म्हणून इथून दोघं सारखेच दिसतात आणि एक दुसऱ्यावर बरोबर बसतो.

"एक डोळा मिटा," मी म्हटलं. "अंगठा डोळ्याजवळ धरा. भिंतीवरचं कॅलेंडर झाकलं गेलं?" उजेडाच्या त्या तीन ठिपक्यांत कॅलेंडर जेमतेम दिसत होतं.

"झाकलं."

"आता अंगठा लांब लांब न्या."

त्यांनी हात लांब केला. "कडंनं दिसाय लागलं की."

"चंद्राचंही तसंच आहे, आई. तो आपल्यापासून लांब चाललाय. वर्षाला दीड इंच. काल संध्याकाळपासून तुम्ही मला नखं कापू दिली नाहीत ना, ती नखं वाढतात साधारण तेवढ्याच वेगाने."

सासूबाईंनी अंगठा खाली घेतला. "लांब चाललाय? का? कुनी काय बोललं का त्येला?"

मी पुन्हा हसले, पण या वेळी त्यांनीही हसून घेतलं. समुद्राची भरती-ओहोटी, पृथ्वीचं फिरणं जरासं मंदावणं, असं काय काय मी सांगितलं, ते त्यांनी ऐकल्यासारखं केलं. त्यांना एकच गोष्ट हवी होती.

"मंग असाच लांब लांब ग्येला, तर एक दिस गिराण लागायचंच न्हाई?"

"खग्रास लागणार नाही. चंद्र इतका लहान दिसेल की सूर्य पुरता झाकायचाच नाही. मधोमध आला तरी चहूकडून बांगडीसारखा सूर्य उरेल. सध्या कधी असं होतं, कधी तसं. पुढे नुसती बांगडीच."

"कवा हुनार ह्ये?"

"साठ कोटी वर्षं तरी लागतील म्हणतात."

"साठ कोट." मार्केटातल्या माणसाच्या बायकोला मोठ्या आकड्यांचं वावडं नसतं, तरी त्या जरा थांबल्या. तळव्यावरचा सूर्य आता बारीक झाला होता. "म्हंजी साठ कोट वर्सं पोटुशा बायका अशाच अंधारात पडून ऱ्हानार. आन् येखादी चुकली, की जलमभर तिच्या जिवाला घोर."

मी त्यांचा दुसरा हात धरला. कोर झालेला सूर्य हळूहळू पुन्हा भरत गेला, त्यांच्या हातावर, माझ्या पोटावर, चादरीवर. बाबा नेहमी म्हणतात की आपलं नशीब मोठं. फार पूर्वी चंद्र जवळ होता तेव्हा सूर्याला गिळून टाकायचा, फार पुढे तो अपुरा पडेल, आणि नेमक्या मधल्या काळात, दोघं एकमेकांना असे बेतून बसतात तेव्हा, आपण डोळे घेऊन जन्माला आलो. मी हे शंभरदा ऐकलं होतं. त्या सकाळी पहिल्यांदा मला ते मनापासून पटलं. राजस्थानचं मला काही वाटेनासं झालं.

मग गल्लीतून आरोळी आली, "दे दान, सुटे गिराण." सासूबाई उठल्या, पुठ्ठा काढला, उजेडाचा लोंढा आत आला. खाली जाऊन त्यांनी सुपातले गहू दान केले, घर धुतलं, मला पुन्हा अंघोळ करायला लावली. म्हणजे रीतभात सगळी जशीच्या तशी. एका सकाळीत माणूस बदलतं असं मी समजत नाही. फक्त दुपारी जेवताना त्यांनी शेजारच्या शेवंताबाईंना सांगितलं की गिराण आपन हातावर घेतलं, आणि शेवंताबाई ताटावरून उठून गेल्या.

बाबा परत आले ते घसा बसवून. मिनिटभरही अंधार झाला नाही, म्हणाले, तरी मी रडलो गं.

जानेवारीत मला मुलगी झाली, वाशीच्या दवाखान्यात. रडली खणखणीत. पण बाळ दाखवायला आणताना नर्स माझ्या डोळ्यांत बघेना, तेव्हाच मी समजले. वरचा ओठ डाव्या बाजूला नाकपुडीपर्यंत दुभंगलेला होता.

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण ते तिच्यासाठी नव्हतं. ती जिवंत होती, गरम होती, मुठी आवळून जगाशी भांडायला तयार होती, स्वभाव कुणाचा घेतलाय ते दिसतच होतं. तिच्याकडे बघून मी देवाचे, डॉक्टरांचे, ज्याचे ज्याचे सुचतील त्याचे आभार मानत होते. वाईट वाटलं ते दाराबाहेर थांबलेल्या बाईसाठी. त्या आता आत येणार, ओठ बघणार, त्यांना ती तीन भोकं आठवणार. लेकीच्या तोंडाचा भार तीस वर्षं वाहिला, आता नातीचाही. मी उदयला म्हटलं, त्यांना जरा उशिरा आण. तो म्हणाला, आई केव्हाची उभी आहे, आता थांबत नाही.

सासूबाई आल्या. बाळ घेतलं. दुपट्याची कड बाजूला केली आणि बघत राहिल्या. मी बोलायला तोंड उघडलं, त्यांनी हातानेच गप्प केलं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई फेरीवर आल्या. घाईत होत्या. म्हणाल्या, काळजी करू नका, तीन महिन्यांची झाली की शिवून टाकू, आता फार छान करतात. घराण्यात कुणाला आहे का असं? सासूबाईंनी हो म्हणून मान हलवली. मग त्यांनी विचारलं, "बाई, ह्ये पोटात कवा हुतं?"

"ओठ ना? दुसऱ्या महिन्यात जुळतो, आजी. नाही जुळला तर नाही. त्यानंतर काही होत नाही त्याला."

"सातव्यात?"

"सातव्यात कुठलं? तोवर नाक-डोळे सगळं होऊन बसलेलं असतं."

"गिराणात चिरलं, तरीबी?"

"काहीही चिरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. आपण त्या खोलीत काय ठेवून गेलो याची त्यांना कल्पनाही नव्हती. मी आजही त्या बाईंचं ऋण मानते.

सासूबाई खाटेच्या कडेवर बसल्या. बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. "पुतळीच्या येळी मला सातवाच हुता," त्या म्हणाल्या.

मग बाळ भुकेने रडायला लागलं. माझ्याकडे दूध होतं, पण तिला ओढता येईना. ओठ मिटत नव्हता, दूध नाकातून बाहेर येई, ती ठसके आणि मी रडे. नर्सने दोनदा प्रयत्न केला. सासूबाईंनी पिशवीतून बाळाला पाजायचं चोचीचं बोंडलं काढलं, गरम पाण्यातून धुऊन आणलं, त्यात माझं दूध काढून घेतलं, बाळाला जवळजवळ बसतं धरलं, मान आपल्या कोपरात टेकवली आणि चांगल्या बाजूच्या गालाकडे धार सोडली. अगदी थेंब थेंब. थांबायच्या, गिळू द्यायच्या, पुन्हा सोडायच्या. बाळाने गिळलं. पुन्हा गिळलं. थोड्या वेळाने ते झोपी गेलं.

"पुतळी अशीच वाढवली," त्या म्हणाल्या. "सुनबाई, रडू नगंस. ह्ये मला येतंय."

मी त्यांच्या पायांना हात लावला, झोपल्या झोपल्या जमेल तसा. एरवी मी सणासुदीलाही वाकताना कुरकुर करते. त्या दिवशी माझ्या मुलीच्या पोटात पहिला घास गेला तो त्या हातांनी, आणि ते हात एवढी वर्षं स्वतःला गुन्हेगार समजत होते.

तिसऱ्या दिवशी पुतळावन्सं गावाहून आल्या. हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. सासूबाई बोंडल्याने बाळाला पाजत होत्या. पुतळावन्सं वाकून बाळाकडे बघत राहिल्या, आपसूक त्यांचं बोट स्वतःच्या व्रणावर गेलं.

सासूबाईंनी बोंडलं खाली ठेवलं. "पुतळे," त्या म्हणाल्या, "सुनबाई सांगत हुती, चांद लांब जाईस्तोवर ह्ये गिराण काय सुटायचं न्हाई. साठ कोट वर्सं. तेवढी वाट मी बघत न्हाई. मी आजच सोडलं." मग त्यांनी लेकीकडे बघितलं. "तुजं तोंड माज्या हातनं न्हाई गं फाटलं. डाक्टरीन म्हनली. मी न्हाई क्येलं त्ये."

पुतळावन्संचे डोळे भरले होते, पण आवाज साधाच होता.

"आये," त्या म्हणाल्या, "तू क्येलंस आसं मी कवा म्हनले हुते?"

सासूबाईंनी बाळ माझ्याकडे दिलं. आणि आपल्या तीस वर्षांच्या लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरून त्यांनी तिच्या ओठाचा मुका घेतला, थेट त्या व्रणावर.